घराच्या संरक्षणासाठी बंदूक : परवाना, खासगी संरक्षणाचा हक्क आणि कायदेशीर मर्यादा

प्रस्तावना :
शेतवस्तीवरील दरोडा, भरवस्तीतील घरफोडी, एकट्या राहणाऱ्या वृद्ध दांपत्यावरील हल्ला अशा घटनांनंतर 'घरात एखादी बंदूक असती तर' हा विचार अनेकांच्या मनात डोकावतो. या विचारामागील भीती खरी असते. मात्र त्यासोबत दोन गैरसमजही वावरत असतात. परवाना मिळाला म्हणजे घरात शिरणाऱ्यावर गोळी झाडण्याची मुभा मिळाली, हा पहिला गैरसमज होय. स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, हा दुसरा. प्रस्तुत लेखात या दोन्ही समजुतींची भारतीय कायद्याच्या आधारे तपासणी करण्यात आली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्र कायदा संमत झाला. भारतीयांना शस्त्र बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा करणारा व युरोपीयांना मात्र सवलत देणारा हा कायदा राष्ट्रीय अपमानाचे प्रतीक मानला गेला. त्यामुळेच १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत समाविष्ट करण्यात आला होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी याच आशयाची दुरुस्ती सुचविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला आणि ती स्वीकारली गेली नाही. उलट, संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ख) मध्ये नागरिकांना शांततेने व 'विनाशस्त्र' एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देण्यात आले.

अमेरिकेची स्थिती याहून वेगळी आहे. तेथे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याच्या हक्काला घटनात्मक स्थान दिले. 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर' या खटल्यात २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी हातबंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क असल्याचे मान्य केले. चित्रपट व दूरचित्रवाणीमुळे ही अमेरिकी कल्पना आपल्याकडेही परिचित झाली असली, तरी भारतात तिला कायद्याचा आधार नाही.

परवान्याचे स्वरूप :
शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र संपादन करता किंवा बाळगता येत नाही. २१ वर्षांखालील व्यक्ती सामान्यतः अपात्र ठरते. महाराष्ट्रात जिल्हा दंडाधिकारी आणि आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त हे परवाना देणारे प्राधिकारी असतात. अर्ज आल्यावर पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जातो. शस्त्र नियम, २०१६ नुसार सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण, वैद्यकीय प्रमाणपत्र व शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी या बाबींनाही महत्त्व आले आहे.

कलम १३ मधील एक भेद येथे लक्षात घेण्याजोगा आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच लांबीच्या, नितळ नळीच्या बंदुकीचा परवाना मागितल्यास, कलम १४ मधील नकाराची कारणे नसतील तर, तो देण्याकडे कायद्याचा कल आहे. रिव्हॉल्व्हर वा पिस्तूल हवे असल्यास मात्र अर्जदाराकडे 'सबळ कारण' आहे याविषयी प्राधिकाऱ्याचे समाधान व्हावे लागते. केवळ पुरेशी मालमत्ता नाही या कारणावरून परवाना नाकारता येत नाही. सार्वजनिक शांतता व सुरक्षितता यांसाठी तो नाकारता येतो. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि कलम १८ नुसार अपिलाची तरतूद आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा सामान्यतः ३ वरून २ वर आणली आणि परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे केली. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास सामान्यतः किमान २ व कमाल ५ वर्षे कारावास व दंड होऊ शकतो. लग्न-वरातीत हर्षभराने बेदरकारपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हाही आता स्वतंत्र गुन्हा आहे.

परवाना हा व्यक्तीला असतो, घराला नव्हे. ही बाब अनेक कुटुंबांच्या लक्षात येत नाही. वडिलांच्या निधनानंतर त्यांची बंदूक कपाटात तशीच राहिली, तर कलम २१ चा भंग होतो. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करणे आवश्यक असते. भावनिक ठेवा म्हणून ठेवलेली बंदूक अशा रीतीने वारसाला आरोपी बनवू शकते.

खासगी संरक्षणाचा हक्क :
गोळी झाडणे समर्थनीय होते की नाही, हे शस्त्र अधिनियम ठरवीत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाच्या हक्काचे विवेचन आहे. हा हक्क परवान्यातून निर्माण होत नाही. हातात काठी असलेल्या व्यक्तीलाही तो तितकाच असतो.

कलम ३७ ने या हक्काला दोन प्रमुख मर्यादा घातल्या आहेत. शासकीय यंत्रणेची मदत घेण्यास अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. तसेच संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. मालमत्तेच्या रक्षणासाठी मृत्यू घडविण्यापर्यंत हा हक्क केव्हा पोहोचतो, हे कलम ४१ सांगते : जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घरास वा मालमत्ता ठेवण्याच्या जागेस आग किंवा स्फोटकाने केलेली आगळीक, आणि मृत्यू वा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती निर्माण करणारी चोरी, आगळीक किंवा गृह-अतिक्रमण. साध्या चोरीचा यात समावेश नाही.

न्यायालयांनी या हक्काकडे उदार दृष्टीने पाहिले आहे. मुन्शी राम (१९६८) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीने हा बचाव शंकेपलीकडे सिद्ध करण्याची गरज नसून संभाव्यतेचे पारडे त्याच्या बाजूने झुकणे पुरेसे असल्याचे म्हटले. दर्शन सिंग (२०१०) खटल्यात या हक्काची तत्त्वे एकत्रितपणे मांडताना, संकटात सापडलेल्या व्यक्तीने प्रतिकाराचे मोजमाप तराजूने करावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही, हे पुन्हा स्पष्ट करण्यात आले. मात्र हा हक्क बचावाचा आहे, सूडाचा नाही, हेही तितकेच ठामपणे सांगितले गेले.

एक कल्पित उदाहरण :
रात्री २ वाजता शेतवस्तीवरील घराचे दार फोडून कोयते घेतलेले दोघे आत येतात. परवानाधारक घरमालक गोळी झाडतो. येथे कलम ४१ चा आधार स्पष्टपणे मिळू शकतो. आता समजा, बंदूक पाहताच दोघे रिकाम्या हाताने कुंपण ओलांडून पळाले आणि मालकाने पाठीमागून गोळी झाडली. घरफोडीने सुरू झालेले अतिक्रमण संपले होते, धोकाही टळला होता. बंदूक तीच, परवाना तोच. परंतु कृत्याचे कायदेशीर स्वरूप काही क्षणांत बदलले. सद्हेतूने, आवश्यकतेहून अधिक इजा करण्याचा इरादा न ठेवता हक्काची मर्यादा ओलांडली गेल्यास खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा विचार होऊ शकतो. तरीही कारावास टळेलच असे नाही. पहिल्या प्रसंगीही पोलिसांना तत्काळ कळविणे आणि घटनास्थळ व शस्त्र जसेच्या तसे राखणे मालकाच्याच हिताचे असते.

घरातील शस्त्राचा दुसरा धोका :
कायद्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न उपयुक्ततेचा आहे. अमेरिकेत १९९३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या केलरमन व सहकाऱ्यांच्या अभ्यासात घरातील बंदूक व घरात होणारी हत्या यांचा संबंध आढळला. त्यातील बहुतेक हत्या कुटुंबीय वा परिचितांकडून झालेल्या होत्या. या निष्कर्षांवर आक्षेप घेण्यात आले असून ते भारतीय परिस्थितीला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तथापि नैराश्य, मद्यपान, कौटुंबिक कलह किंवा मुलांचे कुतूहल या गोष्टी कोणत्याही घराला परक्या नाहीत. शिवाय एक व्यावहारिक पेच उरतोच : कुलूपबंद, रिकामी ठेवलेली बंदूक आणीबाणीत चटकन हाती येत नाही आणि भरून उशाशी ठेवलेली बंदूक रोजच धोकादायक असते.

समारोप :
शस्त्र परवाना ही राज्याने अटींवर दिलेली परवानगी आहे, तर खासगी संरक्षण हा कायद्याने मान्य केलेला हक्क आहे. या दोहोंची गल्लत करणाऱ्याला घराचे रक्षण करता करता आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागू शकते. म्हणूनच परवान्यासाठी अर्ज करण्यापूर्वी मजबूत दारे, पुरेसा उजेड, शेजाऱ्यांशी संपर्क, ग्रामसुरक्षा दल व ११२ हा क्रमांक या उपायांचा विचार प्रथम व्हावा. इतके करूनही धोका खरा व गंभीर असेल, तर कायद्याने मार्ग ठेवला आहे. मात्र त्या मार्गावर बंदुकीआधी प्रशिक्षण, संयम आणि कायद्याचे ज्ञान यांची आवश्यकता आहे. महाविद्यालयीन पातळीवर कायदेविषयक साक्षरतेच्या उपक्रमांत या विषयाला स्थान मिळणे त्यामुळेच उचित ठरेल.