घरचा मिस्त्री – भाग ९ : पाण्याला उंची कळते

गेल्या आठवड्यात आपण गळक्या नळाचा वायसर बदलला. आजचं काम त्याच्या एक पायरी वरचं : नवं वॉशिंग मशीन घरच्या नळाला आणि सांडपाण्याला स्वतः जोडायचं.

मशीनला दोन नळ्या असतात. एक सुटी मिळते, दोन्ही टोकांना प्लास्टिकचे नट असलेली. ती पाणी आणते. दुसरी मशीनच्या पाठीतूनच निघालेली असते, करड्या रंगाची, पन्हळी. ती पाणी नेते. आपण सगळी अक्कल पहिलीवर खर्च करतो. नळ कुठला, कॉक कुठला, गळेल का, फुटेल का. दुसरीला ‘टाक रे तिकडे कुठेतरी’ म्हणून वाटेला लावतो. घोळ होतो तो बहुतेक वेळा दुसरीचाच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमचं पहिलं मशीन पुण्यात, भाड्याच्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत बसलं. नळाकडची जोडणी मी इतकी पक्की केली की थेंब नाही. ड्रेनची नळी मात्र न्हाणी ट्रॅपपर्यंत पोचेना. मग ती मशीनच्या पाठीवरच्या क्लिपमधून सोडवली आणि जमिनीवरून सरळ जाळीत सोडली. मशीन सुरू केलं. पाणी भरल्याचा छान आवाज आला. चहा घेऊन पेपर वाचत बसलो. पाऊण तास झाला तरी आवाज तोच. उठून पाहतो तर वरून पाणी येतंय आणि खालून निवांत चाललंय. आतले कपडे तळ्याकाठी बसल्यासारखे अर्धवट ओले. मिनिटाला आठ लिटर धरले तरी साडेतीनशे लिटर पाणी, साबणासकट, गटारात. संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी टाकीची चौकशी केली तेव्हा मी बाकीच्यांइतकंच आश्चर्य दाखवलं.

चूक साधी होती. मशीनच्या पोटात ड्रेन पंप असतो, पण पंप म्हणजे झाकण नव्हे. तो बंद असला तरी त्याच्यातून पाणी आरपार जाऊ शकतं. पाण्याला अडवणारी एकच गोष्ट असते : नळीचा उंच केलेला बाक. ड्रमातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा नळी कुठेतरी वर गेली की पाणी तिथेच थांबतं, आणि पंप सुरू झाल्यावरच तो चढ ओलांडतं. म्हणून फ्रंट लोडच्या पुस्तिकेत साधारण ६० ते १०० सेंटिमीटर अशी उंची दिलेली असते. त्याहून खाली आणली तर पाणी आपोआप निघून जातं. फार वर नेली तर पंपाला ते चढवता येत नाही, आणि नळीत राहिलेलं घाण पाणी परत ड्रमात उतरतं. तुमच्या मशीनचा नेमका आकडा पुस्तिकेत बघा आणि भिंतीवर पेन्सिलने खूण करा.

टॉप लोडचा कायदा बहुधा उलटा असतो. आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोड मशीनना ड्रेन पंपच नसतो. तळाशी एक व्हॉल्व्ह असतो, तो उघडला की पाणी स्वतःच्या वजनाने बाहेर पडतं. तिथे नळी जमिनीलगत, उतरत्या वाटेनेच न्यायची. शेजाऱ्यांचं बघून ती उंच बांधली, किंवा बाथरूमच्या उंबऱ्यावरून चढवली, की पाणी आतच राहतं, पुढचं चक्र सुरू होत नाही आणि पडद्यावर एरर येते. तेव्हा नळीला हात लावण्याआधी मशीनला पंप आहे की नाही ते पुस्तिकेत पाहून घ्या. मला तर हा प्रश्न दुकानातच विचारावासा वाटतो, पण विक्रेत्याला तुम्हाला मोबाइलवरून मशीन चालू करून दाखवायची घाई असते.

आता येणारं पाणी. इथेही खेळ उंचीचाच आहे. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ म्हणजे साधारण एक बार दाब. गच्चीवरची टाकी तुमच्या नळापासून तीन मीटर वर असेल तर नळाला मिळतो तो फक्त ०.३ बारच्या आसपास. बऱ्याच मशीनना किमान ०.३ ते ०.५ बार लागतो. म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणारा माणूस अगदी काठावर असतो, आणि तळमजल्यावरचा मजेत. मशीनच्या तोंडाशी विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह असतो. त्यातला रबरी पडदा उचलायला आणि परत घट्ट बसवायलाही पाण्याचाच दाब कामी येतो. त्यामुळे दाब कमी असेल तर भरायला वेळ लागतोच, शिवाय बंद झाल्यावरही आत थेंब थेंब पाणी जात राहू शकतं. लोक व्हॉल्व्ह बदलतात. दोष टाकीच्या उंचीचा असतो.

पाहायचं कसं? सकाळी सात-साडेसातला, अख्खी बिल्डिंग आंघोळीला लागलेली असताना, त्या नळाखाली बादली ठेवा आणि घड्याळ लावा. मिनिटात आठ-दहा लिटर भरत असेल तर पुढचं काम सुरू करा. बादली रेंगाळत असेल तर आधी छोट्या प्रेशर पंपाचा विचार करा. उंच टॉवरमध्ये खालच्या मजल्यांवर नेमकं उलटं होतं. वीस मजल्यांच्या इमारतीत तळाशी सहा बारपर्यंत दाब येऊ शकतो, म्हणून तिथे दाब उतरवणारे व्हॉल्व्ह बसवलेले असतात.

मापांची गंमत आता सांगतो, कारण हार्डवेअरच्या दुकानात पहिली फेरी वाया जाते ती इथेच. घरातले नळ ‘अर्धा इंची’. मशीनच्या नळीचा नट ‘पाऊण इंची’. गीझरखाली असतो तो साधा अँगल कॉक दोन्हीकडे अर्धा इंचीच, त्यावर हा नट बसत नाही. दुकानात सरळ ‘वॉशिंग मशीनचा कॉक’ मागा. त्याचं भिंतीकडचं तोंड अर्धा इंची आणि नळीकडचं पाऊण इंची असतं. बिल्डरने आधीच अर्धा इंची कॉक दिला असेल तर ‘अर्धा-पाऊण’ पितळी निप्पल मिळतो, त्यानेही भागतं. मशीनबरोबर कधी कधी चार स्क्रूची एक प्लास्टिकची कडी येते. ती गोल तोटीच्या साध्या नळावर आवळायची असते. भाड्याच्या घरात, सहा महिन्यांसाठी, ठीक आहे. एरवी माझा तिच्यावर विश्वास नाही. व्हॉल्व्ह बंद होताना पाण्याचा जो दणका बसतो, त्याने ते स्क्रू हळूहळू ढिले पडतात.

जुना नळ काढण्याआधी पाणी बंद करायचं. बाथरूमचा कॉक, नाहीतर गच्चीवरचा तुमच्या लाइनचा व्हॉल्व्ह. बंद केल्यावर नळ उघडून खरंच पाणी थांबलंय का ते बघा. गच्चीवर चुकून शेजाऱ्याचं पाणी बंद करणारे आमच्याकडे दोघे तरी आहेत. दहा वर्षं कोणी न फिरवलेला व्हॉल्व्ह अडला तर जोर लावू नका. भिंतीतला पाइप जुना लोखंडी, म्हणजे जीआय असेल आणि नळाच्या मुळाशी गंज दिसत असेल, तर ह्या पायरीवर थांबा आणि प्लंबरला बोलवा. आटे आतच तुटून राहिले तर टाइल फोडावी लागते. हल्लीच्या फ्लॅटमध्ये सीपीव्हीसी पाइप आणि तोंडाशी पितळी आट्यांचा एल्बो असतो. तिथे गंजाची भीती नाही, पण जास्त आवळून एल्बो तडकवण्याची आहे. एल्बो टाइलच्या आत बुडालेला असेल तर एक्स्टेन्शन निप्पल घ्या.

आता टेफलॉन टेप. जुने मिस्त्री लोखंडी पाइपच्या आट्यांवर धागा आणि सफेदा लावायचे; टेपने ते काम स्वच्छ केलं. कॉकचे आटे तुमच्या तोंडासमोर धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, दहा-बारा वेढे द्या. उलटे दिले तर कॉक फिरवताना टेप उलगडून गोळा होते. हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा, मग पान्याने एक-दीड फेरा. कॉकचं तोंड सरळ आलं नाही म्हणून मागे फिरवायचा मोह होतो. फिरवू नका. मागे फिरवलं की टेप फाटते. मग सगळं काढून नव्याने गुंडाळायचं. एवढं जपून केलेल्या माणसांना त्याच उत्साहात मशीनच्या नळीच्या नटालाही टेप लावायची हौस येते. तिथे टेपचं काम नाही. तिथे नटाच्या आत रबरी वायसर असतो, तोच पाणी धरतो. तो सरळ बसलाय ना एवढं बघायचं आणि नट हातानेच आवळायचा. पाना लावला की प्लास्टिकचे आटे सरकतात. मशीनकडच्या तोंडात बारीक जाळी असते, ती काढून फेकू नका. बोअरच्या पाण्याची वाळू आणि नव्या पाइपमधला चुरा तीच अडवते. दोन महिन्यांनी काढून धुवा.

परत जाणाऱ्या पाण्याकडे येतो, कारण नळी योग्य उंचीवर बांधली तरी तिचं तोंड कुठे सोडायचं हा प्रश्न उरतोच. नव्या फ्लॅटमध्ये भिंतीत मशीनसाठी ड्रेनचं वेगळं तोंड असतं. त्यात नळी थोडी आत घालायची, पण कडेने हवा जायला जागा ठेवायची. सिलिकॉन लावून, कापड कोंबून ती हवाबंद केली तर पाणी पंप बंद झाल्यावरही ओढलं जाऊ शकतं, आणि लाइन तुंबली तर गटाराचं पाणी उलट ड्रमापर्यंत येऊ शकतं. ज्यांच्याकडे असं तोंड नाही त्यांना न्हाणी ट्रॅप. त्या ट्रॅपच्या वाकणात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं असतं. गटाराचा वास आणि झुरळं घरात येत नाहीत ती ह्या पाण्याच्या पडद्यामुळे. म्हणून नळी ट्रॅपमध्ये खोलवर खुपसू नका. दुकानात नळीसाठी भोक असलेली जाळी मिळते, तिच्यात तोंड अडकवा, म्हणजे पंपाच्या झटक्याने नळी उडून बाल्कनीभर फेस होणार नाही. मात्र नळी पाठीवरच्या बाकातूनच खाली आली पाहिजे. ती पुरत नसेल तर जोडनळी घ्या, क्लिप सोडू नका. साडेतीनशे लिटरचा अनुभव एका घराला पुरे.

ड्राय बाल्कनीत आणखी एक फसगत होते. कोपऱ्यातून खाली जाणारा जाड पाइप बघून अनेकजण नळी त्यात सोडतात. तो बऱ्याचदा गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा असतो. सोसायटीने ते पाणी बोअरच्या शोषखड्ड्यात वळवलं असेल, तर तुमच्या साबणाचं पाणी तुमच्याच बोअरमध्ये जातं. सेक्रेटरींना विचारा. एवीतेवी त्यांचा तुमच्यावर डोळा असतोच.

बाकीचं भराभर. फ्रंट लोडच्या पाठीत तीन-चार लांब बोल्ट असतात, ड्रम प्रवासात हलू नये म्हणून लावलेले. ते काढल्याशिवाय मशीन चालवू नका. ड्रम आत स्प्रिंगवर टांगलेला असतो. बोल्ट तसेच ठेवून पिळणी केली तर मशीन बाल्कनीत चालायला लागतं आणि आतलं काहीतरी मोडतं. भोकांवर बरोबर आलेली टोपणं बसवा. हीटर साधारण २००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ नऊ अँपिअर. सहा अँपिअरचा छोटा सॉकेट आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही बाद. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचाच हवा. तो नसेल तर ते काम इलेक्ट्रिशियनचं, ह्या लेखमालेचं नाही. कंपनीचा माणूस मोफत येणार असेल तर त्यालाही येऊ द्या. वॉरंटीची नोंद होते, आणि नळ-ड्रेन आधीच तयार असल्यामुळे ‘प्लंबर बोलवा, मग फोन करा’ हे वाक्य ऐकावं लागत नाही.

मग पाणसळ. ड्राय बाल्कनीची फरशी मुद्दाम उतरती केलेली असते, पाणी ट्रॅपकडे जावं म्हणून. तोच उतार मशीनला नको असतो. पन्नास सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला १२०० फेरे घेतो तेव्हा त्याच्या कडेवरची वस्तू स्वतःच्या वजनाच्या साधारण चारशे पट जोराने बाहेर रेटते. अर्धा किलोचा ओला टॉवेल एका बाजूला गोळा झाला की तो जोर दोनशे किलोंचा. म्हणून पाणसळ मशीनच्या डोक्यावर आडवी आणि उभी ठेवून, पाय फिरवून, बुडबुडा मधोमध आणायचा आणि पायांवरचे लॉक नट घट्ट करायचे. पाणसळ नसेल तर पारदर्शक बाटलीत अर्धं पाणी भरून आडवी ठेवा, काम होतं. चाकांचे स्टँड मला आवडत नाहीत. झाडू मारायला सोपं म्हणून घेतात, आणि पिळणीच्या वेळी बायको-मुलं मशीनला मिठी मारून उभी असतात.

शेवटी एक फेरी कपड्यांविना. कॉक हळू उघडा, दोन्ही जोड कोरड्या हाताने चाचपा, खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरा. पाणी भरताना, पिळताना आणि सोडताना नळीच्या तोंडाशी उभे राहा. पहिल्या वेळी चहा घेऊन जायचं नाही. कागद रात्रभर तसाच ठेवा. गळती बारीक असेल तर सकाळी कागदावर गोल डाग सापडतो, आणि बहुतेकदा त्याच्या बरोबर वर वायसर तिरका बसलेला असतो.

काढलेले बोल्ट पिशवीत घालून माळ्यावर टाकू नका, घर बदलताना ते सापडत नाहीत. मी ते पुस्तिकेसकट पिशवीत भरून, मशीनच्या बिलाबरोबर कपाटाच्या फाइलमध्ये ठेवलेत. आणि कॉक. तो उघडा असतो तोवर ती रबरी नळी रात्रंदिवस दाबाखाली असते. गणपतीला गावी निघताना ‘गॅस बंद केला का’ हे आमच्या जिन्यात तीनदा विचारलं जातं, मशीनच्या कॉकबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून मी घराच्या किल्लीच्या जुडग्यात एक रबरी वायसर ओवून ठेवलाय. कुलूप लावताना तो बोटाला लागतो, आणि मी चप्पल काढून परत आत जातो.