मण्यातला बुडबुडा काय सांगतो?

परळीच्या यात्रेत माळ घेताना किंवा पटवेकऱ्याकडून काळी पोत गाठवून घेताना आपण रंग पाहतो, भाव करतो. मणी कसा घडला, हे मात्र सहसा विचारत नाही.

काचेचा मणी करण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. एका रीतीत वितळलेल्या काचेची पोकळ नळी ओढतात, तिचे बारीक तुकडे करतात आणि पुन्हा तापवून कडा गोल करतात. पोतीतले बारीक मणी बहुधा असेच होतात. दुसऱ्या रीतीत काच सळईभोवती गुंडाळतात. उत्तर प्रदेशात पुरदिलनगरला हे काम भट्टीवर, तर वाराणसीत ज्योतीवर चालते.

ज्योतीवरचा कारागीर एका हातात काचेची कांडी धरतो. तिचे टोक काकवीसारखे मऊ झाले, की दुसऱ्या हातातल्या सळईवर ते गुंडाळत जातो. सळईला आधी मातीचा लेप दिलेला असतो; नाहीतर मणी तिलाच चिकटून बसेल. सळई सतत फिरती ठेवावी लागते. हात थांबला, की काच एका बाजूला ओघळते.

मणी आकाराला आला तरी काम संपत नाही. तो बाहेरून लवकर निवतो, आतून तापलेलाच राहतो. या ओढाताणीत तो तडकतो, कधी लगेच, तर कधी काही दिवसांनी. म्हणून त्याला गरम राखेत पुरतात किंवा सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवून सावकाश निववतात.

आता भिंगातून मणी पाहा. आतले बुडबुडे भोकाच्या दिशेने लांबट दिसले, तर तो नळीचा. भोकाभोवती वळसा घेताना दिसले, तर गुंडाळलेला. साच्यातल्या प्लास्टिकच्या मण्यावर अनेकदा जोडाची रेघ दिसते.

ही खूण संशोधकांच्याही कामाची आहे. बीडशेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे सातवाहनकाळातले तगर. व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या या नगरात काचेचे प्राचीन मणी सापडले आहेत. त्यांच्या कारागिरांची नावे कुठेच लिहिलेली नाहीत. त्यांचा हात कसा फिरला, ते मात्र मणी सांगतो.

आपल्याकडेही पावसानंतर गावच्या पांढरीत एखादा जुना मणी वर येतो. तो खिशात घालून नेला, की कुठल्या थरातला, कशासोबतचा, हे सारे हरवते. मग उरतो नुसता रंगीत खडा. म्हणून तो तिथेच राहू द्यावा आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)