सुरळीतलं चित्र : माळ्यापासून फ्रेमपर्यंत

दिवाळीच्या सुट्टीत घरी माळा आवरायला काढला की पितळी भांड्यांच्या मागून कधीकधी एक सुरळी निघते. वर जुनं वर्तमानपत्र, त्यावर सुतळी. आत असते लक्ष्मी, सरस्वती नाहीतर दत्तगुरू. केव्हातरी काच फुटली, चौकटीला वाळवी लागली, पण देवाचं चित्र टाकायचं कसं म्हणून कुणीतरी गुंडाळून ठेवलेलं. आता आई म्हणते, "तुझ्या कॉलेजच्या गावाला नेऊन फ्रेम करून आण." आपण सुतळी सोडतो, सुरळी दोन्ही हातांनी ताणतो, आणि कर्रकन आवाज येतो. तो आवाज येऊ नये म्हणून हा लेख.

आधी हे कागद एवढे महत्त्वाचे का, ते थोडक्यात. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. पुण्यात चित्रशाळा प्रेस त्याच्याही आधीपासून, म्हणजे १८७८ पासून होता. ही सगळी छपाई दगडावरची. एकेका रंगाला वेगळा दगड, आणि तेच कागद पुन्हापुन्हा दाबायचे. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून वरून वार्निश चढवायचं. यालाच ओलिओग्राफ म्हणतात. मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत सापडला. त्यामुळे घराघरांत जे उरलंय ते जपायला हवं. चित्राच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत प्रेसचं नाव दिसलं तर घाई करू नका.

आता आपल्या विषयाकडे. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची जाळी. तंतू हवेतला ओलावा ओढून घेतात आणि जाडीत फुगतात, लांबीत मात्र फारसे वाढत नाहीत. यंत्रावर बनलेल्या कागदात बरेचसे तंतू एकाच दिशेने झोपलेले असतात, म्हणून तो एका अंगाने जास्त फुगतो. सुरळीत वर्षानुवर्षं राहिलेला कागद पावसाळ्यात ओला होतो, उन्हाळ्यात वाळतो आणि प्रत्येक वेळी त्या गोल आकारातच वाळतो. सतत भार असला की पदार्थ हळूहळू आकार बदलतो, त्याला आपण क्रीप म्हणतो. हे तेच आहे.

थोडं गणितही करू. कागदाची जाडी t आणि सुरळीचा व्यास D धरला तर बाहेरच्या पृष्ठभागावरचा ताण, म्हणजे स्ट्रेन, साधारण t भागिले D एवढा येतो. पाव मिलिमीटर जाडीचा कागद २५ मिलिमीटरच्या सुरळीत गुंडाळला तर १ टक्का, १०० मिलिमीटरच्या नळीवर गुंडाळला तर फक्त पाव टक्का. नव्या ड्रॉइंग शीटला १ टक्का चालून जातो. पण जुना लाकडी लगद्याचा कागद आम्लामुळे पापडासारखा झालेला असतो आणि वरचं वार्निश त्याहून ठिसूळ. म्हणून ग्राफिक्सच्या शीटा ज्या प्लॅस्टिकच्या कंटेनरमधून आपण खांद्याला अडकवून हिंडतो, त्यात आजीची लक्ष्मी कोंबायची नाही. उलट्या बाजूने घट्ट गुंडाळून 'सरळ करण्याचा' उद्योग तर मुळीच नको.

मग सरळ करायचं कसं? बळाने नाही, ओलाव्याने आणि सवडीने. झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा टब घ्या. तळाला ओला करून नीट पिळलेला टॉवेल, त्यावर पालथा ट्रे किंवा जाळी, आणि जाळीवर चित्र, जेवढं आपोआप उलगडेल तेवढंच उलगडून. झाकणाच्या आतून कोरडा टिपकागद लावा, नाहीतर वाफेचा थेंब नेमका देवीच्या नाकावर पडतो. पाण्याचा स्पर्श कागदाला कुठेही होता कामा नये, फक्त दमट हवा. दर अर्ध्या तासाने बघत राहा. दोन-चार तासांत कागद मऊ पडतो. रात्रभर ठेवून झोपी जाऊ नका, बुरशीला तेवढी संधी पुरते.

मऊ झालेलं चित्र खाली दुसरा कागद सरकवून उचलायचं. मग खाली-वर टिपकागद, वार्निशच्या बाजूला मात्र बेकरीत वापरतात तो न चिकटणारा सिलिकॉनचा कागद. त्यावर ड्रॉइंग बोर्ड आणि बोर्डावर पुस्तकं सारखी पसरून. तासाभराने टिपकागद बदला, नंतर रोज एकदा. आठवडाभर तरी हात लावू नका. चित्र दोन दिवसांतच सपाट दिसायला लागतं, पण आतला ओलावा गेलेला नसतो. तेव्हा काढलं की पुन्हा वळतं, आणि मग 'ही पद्धत काही खरी नाही' असं म्हणायला आपण मोकळे.

हे सगळं साध्या, धड कागदासाठी. वार्निशला भेगा असतील, रंगाचे पोपडे सुटत असतील, बुरशी असेल तर घरी काही करू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचं केंद्र आहे, तिथे विचारावं. इंकजेट प्रिंटला ओलावा दाखवूच नये, शाई पसरते. ती नुसत्या वजनाखाली पंधरा दिवस ठेवा. आणि इस्त्री? वार्निश वितळतं, टोनर चिकटतो. हॉस्टेलमध्ये इस्त्री हा सर्व रोगांवरचा इलाज असला तरी इथे नको.

रूमवर ठेवायचं झालं तर चित्र आडवंच ठेवा, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, मध्ये बटर पेपर घालून. वर्तमानपत्र नको, त्याचं आम्ल आणि शाई दोन्ही चित्रात उतरतात. गादीखाली तर नकोच. घामाचा ओलावा, ढेकूण, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री गादीवर बसलेले सहा जण! कपाटाचा वरचा कप्पा बरा, पण बाथरूमच्या भिंतीला लागून नसलेला. गाळप हंगामात कारखान्याच्या परिसरात दोरीवरच्या कपड्यांवर जी काळी राख पडते, ती उघड्या खिडकीतून चित्रावरही बसते. ती बोटाने पुसली की आत मुरते. मऊ ब्रशने, एकाच दिशेने झटकावी. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून कसर लागली का ते बघावं. डांबरगोळ्या चित्राला चिकटून ठेवू नयेत.

सोमेश्वरनगरहून पुण्याला न्यायचं तर एसटीने नीरा, जेजुरी, सासवड, दिवे घाट. धक्के, धूळ आणि गर्दी. जुन्या ओलिओग्राफमध्ये वीस बाय चौदा इंची चित्रं बरीच सापडतात आणि हाफ इम्पिरिअल शीट असते बावीस बाय पंधरा. त्यामुळे हाफ इम्पिरिअलच्या मापाची सपाट बॅग असेल तर काम झालंच. नसेल तर खोक्याचे दोन पुठ्ठे चित्रापेक्षा सगळीकडून दोन इंच मोठे कापा. एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या ठेवा. प्लायवुडमध्ये थर आडवे-उभे का लावतात, ते आठवा. चित्र आधी फोल्डरमध्ये, मग पुठ्ठ्यांमध्ये, कडा टेपने बंद, पण टेप चित्राला कुठेही लागता कामा नये. पावसाचे दिवस असतील तर बाहेरून पॉलिथिनची पिशवी, आणि पोचल्याबरोबर ती काढायची. एसटीत हे पार्सल डिकीत टाकू नका, सीटशेजारी उभं धरा. कंडक्टर दोन शब्द बोलतील, ऐकून घ्या. मोठं चित्र असेल आणि गुंडाळण्यावाचून गत्यंतर नसेल तर निदान चार इंची पीव्हीसी पाइपवर, वार्निशची बाजू बाहेर ठेवून, सैल गुंडाळा.

फ्रेमवाल्यापाशी पोचल्यावर तीन गोष्टी तोंडाने सांगा, गृहीत धरू नका. चित्र काचेला टेकता कामा नये, मध्ये माउंट हवा. टेकलं तर पावसाळ्यात वार्निश काचेला धरतं आणि नंतर सुटत नाही. चित्र फेव्हिकॉलने हार्डबोर्डवर चिकटवू नका, वरच्या कडेला गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने दोन छोट्या कागदी पट्ट्या पुरेत. तिसरं म्हणजे लॅमिनेशन नको. "टिकाऊ होईल, पाण्यानेही पुसता येईल" असं ते सांगतील, पण ते प्लॅस्टिक पुन्हा कधीच निघत नाही. आणि कडेचा पांढरा कागद कापू देऊ नका. प्रेसचं नाव तिथेच असतं.