वस्तानच्या लिग्नाइटमधलं आम्ल

सुरत जिल्ह्यातल्या वस्तान आणि तडकेश्वरच्या लिग्नाइट खाणींनी जीवाश्मशास्त्राला मोठं धन दिलं आहे. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीची वटवाघळं, आदिम सस्तन प्राणी, राळेत अडकलेले कीटक इथं मिळाले. त्या काळी इथं समुद्रालगतची दलदल होती, आणि खाणीच्या पाण्याचं दुखणं त्या दलदलीतूनच आलं आहे.

समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. प्राणवायू नसलेल्या चिखलातले जिवाणू त्यातलं गंधक वेगळं करतात, ते लोहाशी जुळतं आणि पायराइट बनतं. जमिनीखाली हे खनिज निपचित पडून असतं. खाण खोदली, वरची माती ढिगाऱ्यात टाकली, की हवा आणि पाऊस त्याच्यापर्यंत पोचतात. मग गंधकाम्ल तयार होतं, लोह विरघळतं आणि ओढ्याच्या तळाशी तांबूस साका बसतो. लोहावर जगणारे जिवाणू ही क्रिया कैक पटींनी वेगवान करतात. मेघालयातल्या ‘रॅट होल’ कोळसा खाणींवर राष्ट्रीय हरित लवादाने 2014 मध्ये बंदी घातली, तेव्हा कोपिली नदीत उतरणारं आम्लधर्मी पाणी हेच मुख्य गाऱ्हाणं होतं.

दक्षिण गुजरातेत मात्र फसगत होऊ शकते. इथल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते आणि ती आम्ल शमवते. पाण्याचा सामू सात-आठ दिसतो, तपासणारा निर्धास्त होतो. पण सल्फेट पाण्यातच राहतं, चुनखडीतलं कॅल्शियमही विरघळतं. असं पाणी उसाला वर्षानुवर्षं दिलं तर जमिनीत क्षार साठत जातात. चुनखडी संपली की सामू झपाट्याने कोसळतो. तो पाचच्या खाली गेला, की मातीतलं ॲल्युमिनियम मोकळं होऊन मुळांची वाढ खुंटवतं. तोवर फार उशीर झालेला असतो.

उपाय अवघड नाहीत. पायराइट असलेली माती वेगळी काढून चिकणमातीखाली दाबायची, ढिगाऱ्यातून पाझरणारं पाणी चुनखडीवरून न्यायचं. नानी नरोलीच्या लिग्नाइट वीजकेंद्रात धुरातलं गंधक पकडायला भट्टीत चुनखडी घालतातच. तीच दक्षता पाण्याबाबतही हवी.

माझ्या मते आसपासच्या प्रत्येक विहिरीचं सल्फेट पावसाळ्याआधी आणि नंतर मोजलं पाहिजे, कारण ते आम्लाच्या पुढे धावतं. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरी सोय नसेल तर 400. हे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर, गुजरातीत, दर वर्षी लागायला हवेत.