शेकर हाइट्सचे हायस्कूल : एक छत, वेगळे वर्ग

अमेरिकेच्या ओहायो राज्यात क्लीव्हलँड शहराला लागून शेकर हाइट्स नावाचे सुमारे ३०,००० वस्तीचे उपनगर आहे. तेथील सार्वजनिक हायस्कूलचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत. निरनिराळ्या समाजांतील मुलांनी एकत्र शिकावे म्हणून एखादे गाव किती झटू शकते आणि तेवढे झटूनही काय शिल्लक राहते, हे या शाळेच्या इतिहासावरून कळते.

अमेरिकेतील हायस्कूल म्हणजे साधारणतः नववी ते बारावीचे वर्ग. सार्वजनिक शाळेत शुल्क नसते. शाळेच्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक मुलाला तेथे शिकण्याचा हक्क असतो. कारभार मतदारांनी निवडलेले शाळामंडळ पाहते आणि खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. त्यामुळे ज्या गावची घरे महाग, त्या गावची शाळा संपन्न. या करावर फाजील विसंबणारी पद्धत राज्यघटनेशी विसंगत असल्याचा निर्णय ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला होता. शाळा विनामूल्य असली, तरी तिच्या हद्दीतील घर विनामूल्य नसते. म्हणून अशा शाळेची कथा घरांपासून सुरू करावी लागते.

व्हॅन स्वेरिंजन या दोघा बंधूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे उपनगर आखून वसविले. घर पुन्हा विकताना कंपनीची संमती घ्यावी, अशी अट खरेदीखतांत घालण्यात आली. कृष्णवर्णीयांना, तसेच ज्यू व कॅथलिक कुटुंबांनाही दूर ठेवण्यासाठी तिचा उपयोग झाला. वंशावर आधारलेल्या अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, असा निर्णय देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. तरीही १९५६ साली उपनगराच्या लडलो भागात एका कृष्णवर्णीय वकिलाच्या बांधकाम चालू असलेल्या घरी बॉम्बस्फोट झाला. त्या घटनेने शेजारी हादरले, पण पांगले नाहीत. दोन्ही वर्णांचे रहिवासी एकत्र बसले आणि १९५७ मध्ये लडलो कम्युनिटी असोसिएशन स्थापन झाली. गोऱ्या कुटुंबांनी घाबरून घरे विकू नयेत आणि वस्ती मिश्र राहावी, यासाठी तिने काम केले.

पुढचे पाऊल शाळांनी उचलले. मोरलँड प्राथमिक शाळेत बहुतांश मुले कृष्णवर्णीय होती. १९७० मध्ये त्यांना बसने गोऱ्या वस्तीतील शाळांत पाठविण्याची योजना पुढे आली. प्रवासाचा भार एकाच समाजाच्या मुलांवर का, हा प्रश्न पालकांनी विचारला. तेव्हा योजना दुहेरी आणि ऐच्छिक करण्यात आली, आणि गोरी मुलेही उलट दिशेने जाऊ लागली. कोणत्याही न्यायालयाचा हुकूम नसताना हे घडले, हे विशेष.

हायस्कूलमध्ये मात्र निराळी भिंत उभी राहिली. आपल्याकडील 'अ' आणि 'ब' तुकडीसारखी तेथेही अभ्यासक्रमाच्या पातळ्यांनुसार वर्गविभागणी होती. प्रगत वर्गांत गोऱ्या विद्यार्थ्यांची, तर साध्या वर्गांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची बहुसंख्या दिसू लागली. दार एक, भोजनगृह एक, पण घंटा झाली की वाटा वेगळ्या.

याला विद्यार्थ्यांनीच प्रथम उत्तर शोधले. १९८३ मध्ये त्यांनी वंशसंबंधांवर काम करणारा गट सुरू केला. मोठे विद्यार्थी प्राथमिक शाळांत जाऊन लहानांशी मैत्री आणि भेदभाव या विषयांवर बोलू लागले. १९९० पासून चांगले गुण मिळविणारे कृष्णवर्णीय मुलगे 'मॅक स्कॉलर्स' या नावाने धाकट्यांना मार्गदर्शन करू लागले. हुशारी ही परक्यांची मिरास नाही, हे त्यांना स्वतःच्या उदाहरणाने दाखवायचे होते.

गुणांतील दरी तरीही टिकून राहिली. कृष्णवर्णीय पालकांच्या निमंत्रणावरून मूळचे नायजेरियाचे मानववंशशास्त्रज्ञ जॉन ओग्बू यांनी येथे अभ्यास केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी विद्यार्थ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासाविषयीच्या अलिप्ततेवर भर दिला. दोष मुलांच्या माथी मारून शाळेची वर्गविभागणी आणि शिक्षकांच्या कमी अपेक्षा झाकल्या जातात, असा आक्षेप त्यावर अनेकांनी घेतला. हा वाद अजून मिटलेला नाही. अखेर २०२० मध्ये पाचवी ते नववीच्या बहुतेक विषयांतील पातळ्या रद्द करून सर्व मुलांना एकत्र आणि प्रगत अभ्यासक्रम शिकविण्याचा निर्णय झाला. अशा वर्गात मागे राहणाऱ्याला हात द्यायचा आणि पुढे धावणाऱ्याला थोपवायचे नाही, ही शिक्षकांची कसोटी असते.

या शाळेकडे पाहताना आम्हाला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रवेशाचा हक्क मिळाला म्हणजे काम संपले, असे तेथील पालकांनी मानले नाही. आपले मूल कोणत्या वर्गात बसते, त्याला कोणते पुस्तक दिले जाते आणि त्याच्याकडून काय अपेक्षिले जाते, हे ते विचारीत राहिले. कोणत्याही शाळेच्या पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी हे तीन प्रश्न दरवर्षी विचारावेत.