घरफोडी आणि खासगी संरक्षणाचा हक्क

मध्यरात्री कडी तुटल्याचा आवाज व्हावा आणि अंधारात परका माणूस उभा दिसावा, अशा वेळी गृहस्थाने काय करावे? काठी उगारली तर आपणच आरोपी ठरू, या भयाने पुष्कळ सज्जन गोंधळून जातात. कायदा मात्र कोणाकडूनही भित्रेपणाची अपेक्षा करीत नाही.

1860 च्या भारतीय दंडसंहितेने 96 ते 106 या कलमांत खासगी संरक्षणाचा हक्क मान्य केला होता. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता अमलात आली; तोच हक्क तिच्या 34 ते 44 या कलमांत आहे. कलम 41 प्रमाणे जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी, किंवा राहत्या घराला आग लावणे, अशा प्रसंगी प्रतिकार करताना अपराध्याचा प्राण गेला, तरी तो गुन्हा होत नाही. साध्या चोरीत ही मुभा नाही. तेथे जिवाची अथवा जबर दुखापतीची रास्त धास्ती असावी लागते.

या हक्काला कलम 37 ची मर्यादा आहे. पोलिसांचे साह्य घेण्यास अवसर असेल तर तो उरत नाही. आणि गरजेहून अधिक इजा करता येत नाही. रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा हक्क घुसखोर घरात असेतोवरच टिकतो. पकडून खांबाला बांधलेल्या चोराला झोडपणे हा सूड होय, संरक्षण नव्हे.

तथापि संकटात सापडलेल्या माणसाने प्रत्येक घाव तराजूत तोलून घालावा, असा आग्रह न्यायालये धरीत नाहीत. 2010 साली दर्शनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. उंबरठ्याचे रक्षण करणाऱ्याच्या पाठीशी कायदा उभा आहे. मात्र धोका टळताच हात आवरला पाहिजे.