स्थितिस्थापक पदार्थांतील व्यस्त पद्धती : गंभीरा पुलाच्या निमित्ताने

प्रस्तावना

वडोदरा जिल्ह्यातील पादरा तालुक्यात महीसागर नदीवर १९८५ साली बांधलेल्या गंभीरा पुलाचा एक भाग ९ जुलै २०२५ रोजी सकाळी कोसळला. दोन खांबांमधील गाळा वाहनांसह नदीत पडला आणि किमान २० जणांचा मृत्यू झाला. पेडेस्टल व आर्टिक्युलेशन सांधा चिरडला गेल्यामुळे दुर्घटना घडल्याचे प्राथमिक चौकशीत नमूद करण्यात आले. वापरात असलेला पूल न तोडता त्याची आतील स्थिती कशी ओळखावी, हा प्रश्न यातून पुढे येतो. अभियांत्रिकीत याला व्यस्त समस्या म्हणतात. प्रस्तुत लेखात या पद्धतींचे स्वरूप, त्यांच्या मर्यादा आणि वर्गात करता येणारा एक प्रयोग यांचा विचार केला आहे.

सरळ आणि व्यस्त समस्या

पदार्थाचे गुणधर्म व भार माहीत असतील तर बाक काढता येतो. ही सरळ समस्या होय. बाक मोजून त्यावरून गुणधर्म किंवा भार शोधणे ही व्यस्त समस्या होय. दोन टोकांना टेकलेल्या तुळईच्या मध्यावर भार ठेवल्यास

मध्याचा बाक = (भार × गाळ्याच्या लांबीचा घन) ÷ (४८ × यंग गुणांक × छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया)

२५ मिमी रुंद व ३ मिमी जाड पोलादी पट्टी ६०० मिमी अंतरावरील आधारांवर ठेवून मध्यावर ५ न्यूटन भार दिला, तर यंग गुणांक २०० गिगापास्कल धरून बाक बरोबर २ मिमी येतो. उलट दिशेने, २ मिमी बाक मोजल्यास २०० गिगापास्कल हे उत्तर मिळते. मात्र जाडी मोजताना ०.१ मिमी चूक झाली तरी उत्तरात सुमारे १० टक्के फरक पडतो, कारण सूत्रात जाडीचा घन येतो.

उत्तर एकच असते का?

फ्रेंच गणिती जाक हादामार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी चांगल्या समस्येच्या तीन अटी सांगितल्या : उत्तर असावे, ते एकच असावे आणि मोजमापातील लहान चुकीने ते फार बदलू नये. व्यस्त समस्येत बहुधा यांपैकी एखादी अट मोडते.

वरील सूत्रात भार दुप्पट आणि यंग गुणांकही दुप्पट केला तरी बाक तोच राहतो. म्हणजे केवळ बाकावरून दोन्ही ओळखता येत नाहीत. म्हणूनच पुलाच्या भारचाचणीत आधी वजन केलेले ट्रक उभे करतात.

तिसरी अट अधिक त्रासदायक आहे. पट्टीवर पसरलेला भार बाकावरून काढायचा तर बाकाचे चार वेळा विकलन करावे लागते. त्याच पट्टीवर ५ न्यूटन भार समान पसरला आहे आणि दर १०० मिमीवर बाक मोजला आहे असे मानू. प्रत्येक मोजमापात ०.१ मिमी चूक असल्यास काढलेल्या भारातील चूक प्रतिकूल परिस्थितीत खऱ्या भाराच्या २० पटींहून अधिक होऊ शकते.

यावर रशियन गणिती तिखोनोव्ह यांनी १९६३ मध्ये मांडलेली नियमितीकरणाची पद्धत वापरतात. मोजमापांशी जुळणाऱ्या अनेक उत्तरांतून अधिक सौम्य उत्तर निवडले जाते. परंतु येथे सावधगिरी हवी. तडा किंवा चुरलेला भाग हा अचानक झालेला बदल असतो. फार सौम्य उत्तराचा आग्रह धरल्यास तोच झाकला जातो.

दोष कोठे, आरोप कोणावर?

पट्टीचे दोन्ही आधार भाराखाली ०.२ मिमी दबले, तर मध्यावर २.२ मिमी बाक दिसेल. आधार पक्के धरून गणित केल्यास यंग गुणांक सुमारे १८२ गिगापास्कल येईल आणि निर्दोष पोलाद कमजोर ठरेल. पुलाबाबतही हेच खरे आहे. केवळ गाळ्याच्या मध्यावर मोजमाप केल्यास पेडेस्टलचा दोष तुळईच्या खाती जमा होतो. आधारांजवळही मापक बसवला तरच दोन्ही कारणे वेगळी करता येतात. संगणकप्रणाली कितीही प्रगत असली तरी न घेतलेल्या मोजमापाची उणीव ती भरून काढू शकत नाही.

वर्गातील प्रयोग

पोलादी पट्टी, वजने व डायल गेज एवढ्या साहित्यात हा पाठ घेता येतो. प्रथम पक्क्या आधारांवर यंग गुणांक काढावा. नंतर विद्यार्थ्यांना न सांगता आधारांवर रबराचे तुकडे ठेवून प्रयोग पुन्हा करावा. आलेल्या कमी उत्तराचे कारण विद्यार्थ्यांनी शोधावे.

समारोप

व्यस्त पद्धती मोजमापाइतक्याच विश्वासार्ह असतात. उत्तर काढण्यापूर्वी काय गृहीत धरले आणि कोठे मोजले, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागणे महत्त्वाचे आहे. पुढे पुलांची तपासणी यांतीलच काही जण करणार आहेत.